विल्यम केरी व त्यांचे सोबती

डॉ. विल्यम केरी ह्यांचे नाव ऐकले नाही असा उपदेशक आपल्या मंडळ्यांत क्वचितच असेल. चांभारकाम करणारा एक गरीब मनुष्य हिंदुस्थानात आला आणि त्याने एकट्याने चाळीस भाषांत पवित्र शास्त्र नेले, अशा रीतीने त्यांची गोष्ट मुलांस सांगण्यात येते. ह्या गोष्टीतील पुष्कळ भाग खरा आहे. परंतु एकट्याने हा शब्द मात्र खरा नाही, आणि हे प्रथम केरीसाहेबांनीच आपल्याला सांगितले असते. ते ह्या देशात एक्केचाळीस वर्षे राहिले. त्यांपैकी पहिली सहा-सात वर्षे ते बहुतेक एकटे होते आणि पुढली चौतीस वर्षे सोबत्यांबरोबर होते. ह्या दोन काळांत जे अंतर पडले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्याच हेतूने हे चरित्र लिहीत आहे. त्यांच्या ग्रंथांची सगळी यादी येथे येणार नाही.

केरी ह्यांचा जन्म इंग्लंडातील नॉर्थॅम्पटन परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. वडील मागावर कापड विणीत. पुढे ते गावच्या शाळेचे पंतोजी झाले. विल्यम शेतावर कामास जाई, पण उन्हाने त्याच्या कातडीस विकार होई, म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास बापाने त्यास जोडे करण्याचे काम शिकण्यास ठेविले. तेथे आरी व रापी हाती असता तो समोर पुस्तक उघडे ठेवी. अशा रीतीने त्याने लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषा साध्य केल्या, आणि कागदास कागद जोडून जगाचा मोठा नकाशा तयार करून तो दुकानाच्या भिंतीवर टांगला. पुढे पुष्कळ वर्षांनी, ते कलकत्त्यात मोठ्या हुद्द्यावर असता, गव्हर्नर जनरलच्या घरी मेजवानीच्या वेळी एका अधिकाऱ्याने त्यांस ऐकू जाईल अशा बेताने विचारले की, हे गृहस्थ पूर्वी जोडे करीत होते काय? तेव्हा केरीसाहेबांनी स्वतःच उत्तर केले की नाही, मी जोडे करणारा नव्हतो, फाटलेले जोडे शिवणारा होतो. ही गोष्ट अशीच सांगण्यात येते. आपल्या हातच्या कामाची ज्यास लाज नाही, त्यास दुसऱ्याच्या हातच्या कामाचा हेवाही वाटत नाही, असे मला ती वाचताना नेहमी वाटते.

ते लहानशा मंडळ्यांचे पाळक झाले, पण पगारात भागेना म्हणून जोडे शिवणे व शाळा चालविणे हेही करीत. सन १७९२ त त्यांनी परदेशी सुवार्ता नेण्याविषयी एक पुस्तक छापिले, आणि त्याच वर्षी ता. २ ऑक्टोबर रोजी केटरिंग गावी एका विधवा बाईच्या घरी थोड्या पाळकांनी मिळून मिशनरी संस्था स्थापन केली. त्या दिवशी वर्गणी जमली ती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. अँड्र्यू फुलर हे चिटणीस झाले. त्यांनी पुढे ह्या प्रसंगाची तुलना खोल खाणीत माणूस उतरविण्याशी केली. आपल्याकडे विहिरीचा गाळ काढण्यास एकजण आत उतरतो आणि बाकीचे काठावर दोर धरून उभे राहतात, तसेच हे होते. फुलर ह्यांनी तो दोर १८१५ साली मरेपर्यंत सोडला नाही. खाली उतरणाऱ्याचे नाव लोकांस आठवते, दोर धरणाऱ्याचे फारसे कोणास आठवत नाही. म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

केरीसाहेबांचे पहिले सोबती डॉ. जॉन थॉमस हे होते. मन अत्यंत कोमल, औषधाचा हात चांगला, गरिबांवर माया. परंतु पैशाच्या बाबतीत त्यांचा काही धरबंद नव्हता. केरी कुटुंबासह १७९३ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास उतरले, आणि वर्षभर पुरावयाची शिदोरी थॉमस ह्यांच्या हातून थोड्याच दिवसांत संपली. घरात बायको, लहान मुले व मेहुणी; परका देश; आणि जवळ पैसा नाही. त्या वेळी केरीसाहेबांस थॉमस ह्यांचा राग आला, तो त्यांनी लपविला नाही. पण त्यांच्याशी संबंधही तोडला नाही. अखेर त्या दोघांसही निळीच्या कारखान्यांवर देखरेखीची कामे मिळाली, आणि केरी मालदा प्रांताकडील मदनावती येथे १७९४ पासून पाच वर्षे राहिले.

मदनावतीची वर्षे एकटेपणाची होती. तेथे पीटर नावाचा त्यांचा पाच वर्षांचा मुलगा तापाने वारला, आणि जातिभेदामुळे त्याची पेटी करण्यास व खाच खणण्यास माणूस मिळेना. पत्नी डोरोथीबाई ह्या दुःखाने व आजाराने भ्रमिष्ट झाल्या आणि १८०७ साली मरेपर्यंत शुद्धीवर आल्या नाहीत. इंग्लंड सोडण्यास त्या मुळीच राजी नव्हत्या, आणि निघाल्या त्या अगदी शेवटच्या घटकेस. केरीसाहेबांच्या कामाची किंमत ह्या बाईंनी भरली. त्यांचे नाव आदराने घेतल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. अशा घरात बसून, मुनशी रामराम बसू ह्यांच्या साहाय्याने, केरीसाहेबांनी बहुतेक सगळा नवा करार बंगालीत उतरविला. एक लाकडी छापयंत्र मिळाले, पण ते चालविणारा कोणी नव्हता. खेड्यातील लोक त्यास साहेबांचा देव समजत. सात वर्षांत एकही बंगाली मनुष्य बाप्तिस्म्यास आला नाही.

आता दुसरा काळ. केरी इंग्लंडातून निघण्यापूर्वी लंडनात त्यांस विल्यम वॉर्ड नावाचा एक तरुण छापखानेवाला भेटला होता. तेव्हा केरी त्यास सहज बोलून गेले की, काम चालले तर पुढेमागे आम्हांस तुझ्यासारखा माणूस लागेल. वॉर्डने ते शब्द सहा वर्षे मनात ठेविले. १७९९ च्या ऑक्टोबरात तो, आणि जॉशुआ मार्शमन हे विणकराचे पुत्र व शाळामास्तर, त्यांची पत्नी हॅनाबाई, व आणखी काही सोबती बंगाल्यात आले. इंग्रज कंपनीने त्यांस आपल्या मुलखात राहू दिले नाही. तेव्हा ते कलकत्त्यापासून सुमारे पंधरा मैलांवर हुगळी नदीच्या काठी, डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यातील श्रीरामपूर येथे उतरले. (प्रवरेकडील आपल्या श्रीरामपुराशी वाचकांनी ह्याचा घोटाळा करू नये.) तेथील गव्हर्नर कर्नल बी ह्यांनी त्यांस आश्रय दिला.

येथे केरीसाहेबांपुढे मोठा प्रश्न पडला. आपल्या ठिकाणी सगळ्यांनी येऊन एकत्र राहावे असा त्यांचा बेत होता, आणि त्यासाठी त्यांनी जवळचा पैसा एका निळीच्या जागेत गुंतविला होता. वयाने ते मोठे, देशाचा अनुभव त्यांस, भाषा त्यांस अवगत. नव्या मंडळींनी आपल्याकडे यावे असा आग्रह त्यांनी धरला असता तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु नवे लोक इकडे येऊ शकत नाहीत असे दिसताच ते पैशावर पाणी सोडून, आजारी बायको व मुले घेऊन, ता. १० जानेवारी १८०० रोजी श्रीरामपुरास दाखल झाले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या यशाचा पाया ह्या एका गोष्टीत आहे. जो आधी आला तो नंतर आलेल्यांकडे गेला.

आठच दिवसांत त्यांनी घराचे नियम ठरविले. गव्हर्नरच्या पुतण्याचे मोठे घर सहा हजार रुपयांस घेतले. सगळी कुटुंबे एका पंगतीस जेवत. जो जे मिळवील ते एकाच पेटीत पडावे, आणि त्यातून प्रत्येकास खर्चापुरते मिळावे. कोणी स्वतःसाठी व्यापार करू नये. घरचा कारभार प्रत्येकाने महिना महिना पाळीने पाहावा. केरीसाहेबांकडे पैशाची पेटी व औषधांची पेटी ही दोन कामे आली. आणि एक नियम असा की, शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, आठवड्यात कोणाच्या मनात कोणाविषयी किंतु आला असेल तर तो तेथेच बोलून मिटवावा, आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा द्यावे. १८०५ साली ह्या सगळ्याचा एक लेखी करार झाला, आणि तो वर्षातून तीन वेळा प्रत्येक ठाण्यावर वाचून दाखवीत असत.

हा शनिवारचा नियम मला सर्वांत कठीण वाटतो. आमच्याकडील एका गावी शाळेचे मास्तर व उपदेशक ह्यांच्यात उपासनेची घंटा कोणी वाजवावी ह्यावरून वाद पडला होता. मी तेथे पोहोचलो तेव्हा तीन वर्षे झाली होती, आणि वादाचे मूळ कारण दोघांसही नीट सांगता येईना. राग मात्र दोघांसही स्पष्ट आठवत होता. श्रीरामपुरी रागाचे वय सात दिवसांहून अधिक होऊ देत नसत. निदान पहिली पुष्कळ वर्षे असे चालले. पुढे काय झाले ते योग्य ठिकाणी सांगेन.

कामाची वाटणी कोणी हुकुमाने केली नाही. ज्याचा हात ज्या कामास बसला ते काम त्याचे झाले. भाषांतर केरींचे. छापखाना वॉर्डचा. शाळा व पत्रव्यवहार मार्शमन ह्यांचा. चिनी भाषेतील बायबलाचे कामही त्यांनीच अंगावर घेतले. हॅनाबाईंच्या व मार्शमनांच्या वसतिशाळांतून जे उत्पन्न येई त्यावर सगळ्या घराचा फार मोठा भार चाले. १८०१ साली कलकत्त्यातील फोर्ट विल्यम कॉलेजात, म्हणजे कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकविण्याच्या संस्थेत, केरीसाहेबांस बंगालीचे शिक्षक नेमिले. पगार आरंभी महिना ५०० रुपये व पुढे १००० रुपये. त्या काळी ही रक्कम केवढी होती ते सांगणे नको. ती सगळी सामाईक पेटीत गेली, आणि जोडे शिवणारा तो मनुष्य पूर्वीसारखाच एका पंगतीस जेवत राहिला.

ह्या वाटणीचा एक भाग असा होता की तो कोणत्याही कागदावर नव्हता. केरीसाहेब मुलांचे बाप म्हणून फार ढिले होते. स्वभावाने मऊ, कामात गढलेले, आणि आई भ्रमिष्ट. त्यामुळे त्यांची चार मुले अगदी मोकाट झाली होती. हॅनाबाईंनी त्या मुलांस जवळ केले, आणि वॉर्डने थोरला फेलिक्स ह्यास छापखान्यात आपल्याजवळ घेऊन खिळे जुळविण्यास शिकविले. त्याच्या संगतीने फेलिक्सचे मन पालटले. बापाचे जे काम अपुरे पडत होते ते सोबत्याने केले, आणि बापाने त्याचा अपमान मानिला नाही.

१८०० च्या नोव्हेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात निखळला. थॉमस त्या वेळी श्रीरामपुरी आले होते. त्यांनी केरी व मार्शमन ह्यांच्या मदतीने तो हात बसविला, आणि त्यातून कृष्ण पाल सुवार्ता ऐकू लागला. ता. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळी नदीत केरीसाहेबांनी दोघांस बाप्तिस्मा दिला: एक कृष्ण पाल, व दुसरा स्वतःचा मुलगा फेलिक्स. ज्या थॉमसांच्या हाताने हे पहिले फळ मिळाले ते आनंदाचा भर न सोसून वेडे झाले होते, आणि त्या दिवशी त्यांस एका खोलीत व डोरोथीबाईंस दुसऱ्या खोलीत सांभाळावे लागत होते. नदीकाठची उपासना आणि घरातील आक्रोश ही एकाच दिवशीची आहेत. कामात समाधान मिळते म्हणजे घरातील दुःख नाहीसे होते, असे कोणी समजू नये.

बंगाली नवा करार १८०१ च्या फेब्रुवारीत छापून पुरा झाला. मदनावतीस जे यंत्र नुसते उभे होते ते वॉर्डच्या हाती आल्यावर वर्षभरात हे झाले. परंतु केवळ तीन साहेबांनी हे केले असेही नाही. पंचानन कर्मकार नावाचा बंगाली लोहार होता. देशी अक्षरांचे पोलादी ठसे कोरण्यात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. तो श्रीरामपुरास आला आणि त्याने आपला जावई मनोहर ह्यास ही विद्या शिकविली. पंचानन थोड्याच वर्षांनी वारला. मनोहर मात्र पुढे सुमारे चाळीस वर्षे अनेक भाषांचे खिळे करीत राहिला. कागदास वाळवी लागे, म्हणून स्वतःची कागदगिरणी काढली. ती आरंभी माणसांच्या पायांनी चाले, आणि १८२० साली तिच्यासाठी विलायतेहून वाफेचे यंत्र आणिले. मृत्युंजय विद्यालंकार ह्यांच्यासारखे थोर पंडित भाषांतराच्या खोल्यांत बसत. हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती कारागीर एकाच छपराखाली खिळे जुळवीत, छापीत व पुस्तके बांधीत.

आपल्या मराठीचा संबंध येथेच येतो. केरीसाहेब कॉलेजात मराठीही शिकवू लागले. नागपूरकडचे वैजनाथ पंडित हे त्यांचे साहाय्यक होते. त्यांच्या मदतीने १८०५ साली मराठीचे व्याकरण निघाले, १८१० साली कोश निघाला. कोशासाठी मोडी अक्षरांचे खिळे मुद्दाम पाडिले होते. १८११ साली मराठी नवा करार छापिला. व्याकरणाच्या प्रस्तावनेत केरीसाहेबांनी वैजनाथ पंडितांचे ऋण नावानिशी मान्य केले आहे. त्या काळच्या साहेबांत ही चाल सर्वत्र नव्हती. तथापि खरे ते लिहिले पाहिजे: ह्या भाषांतराची मराठी आपल्या कोकणातील व देशावरील लोकांस परकी वाटली, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांस नव्या कराराचे काम पुन्हा हाती घ्यावे लागले, त्यांचा नवा करार १८२६ साली निघाला. एका घराने इतक्या भाषा एकदम अंगावर घेतल्या हे धाडस होते, आणि त्यात काही कामे घाईची झाली. ज्या भाषेचे लोक दारापाशी होते ती बंगाली सुधारत गेली; ज्या लांब होत्या त्यांस बोलणाऱ्या लोकांचा सहवास कमी पडला.

केरीसाहेबांचा दिवस कसा जाई ते १८०६ च्या त्यांच्या एका पत्रावरून कळते. पहाटे पावणेसहास उठून हिब्रू शास्त्रातील अध्याय वाचावयाचा. मग एकान्तातील प्रार्थना. मग चाकरांसह बंगालीत कुटुंबाची उपासना. चहा होईपर्यंत मुनशीपाशी फारसी. नंतर पंडिताबरोबर रामायणाचे संस्कृतातून भाषांतर. दहापासून दुपारपर्यंत कॉलेज. घरी येताच यिर्मयाच्या बंगाली पुस्तकाची छापून आलेली पाने तपासणे. जेवणानंतर मृत्युंजय पंडितांसह मत्तयाचे संस्कृत भाषांतर. सहाच्या सुमारास तेलुगू पंडित. साडेसातास इंग्रजी उपदेश. रात्री पुन्हा बंगालीत यहेज्केल, अकरापर्यंत. आणि निजण्यापूर्वी ग्रीक करारातील एक अध्याय. वाचताना छाती दडपते. परंतु त्या पत्रात तक्रारीचा सूर नाही. आपल्याविषयी ते एवढेच कबूल करीत की, मला चिकाटीने रखडत जाता येते. ह्यापलीकडे माझ्यात काही विशेष समजू नका. दिवसाचा एकेक तास एकेका माणसाबरोबर बांधलेला होता, हे मला अधिक लक्षात घेण्याजोगे वाटते. पंडित आला की काम सुरू. त्याच्या तोंडाकडे पाहून आळस करण्यास जागा नसे. आणि ह्या सगळ्यात विसावा म्हणून एक गोष्ट होती, ती त्यांची बाग. पाच एकरांच्या त्या बागेत देशोदेशींची झाडे त्यांनी लाविली होती. १८२० साली कलकत्त्यात शेतकी व बागाईत ह्यांची संस्था काढली ती त्यांनीच.

ता. ११ मार्च १८१२ ची संध्याकाळ. वॉर्ड छापखान्यात बसले असता धुराचा वास आला. आत कागदाच्या ढिगास आग लागली होती. त्यांनी दारे-खिडक्या बंद करून वारा कोंडला, छपरास भोके पाडून पाणी ओतविले, आणि चार तासांत आग बहुतेक आटोक्यात आणिली. इतक्यात कोणीतरी न समजून खिडकी उघडली. वारा शिरला, भडका उडाला, आणि मध्यरात्री छप्पर खाली आले. चौदा प्रकारचे खिळे वितळले. शेकडो रीम कागद, तयार हस्तलिखिते, केरीसाहेबांनी कित्येक वर्षे गोळा केलेला अनेक भाषांच्या मोठ्या कोशाचा मसुदा, रामायणाचे भाषांतर, हे सर्व गेले. नुकसान सुमारे सत्तर हजार रुपयांचे.

केरी तेव्हा कलकत्त्यात होते. सकाळी मार्शमन होडीने जाऊन त्यांस ही बातमी सांगण्यास गेले. निरोप्याच्या हाती चिठी पाठविता आली असती. पण असली बातमी सोबत्यानेच तोंडाने सांगावी असे त्यांस वाटले असावे. ऐकून केरीसाहेबांस कितीतरी वेळ शब्द फुटेना. दोघे परत आले तो वॉर्ड राखेत उभे राहून मजुरांकडून ढिगारा उकरवीत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. कारण अक्षरांचे पोलादी ठसे व तांब्याचे साचे त्या राखेत शाबूत सापडत होते. छापयंत्रे बाजूच्या खोलीत होती तीही वाचली होती. जवळच एक मोठी वखार थोड्याच दिवसांपूर्वी रिकामी झाली होती. वितळलेले शिसे तेथे नेऊन मनोहर व त्याचे लोक पाळीपाळीने रात्रंदिवस खिळे ओतू लागले. थोड्याच महिन्यांत छपाई पुन्हा चालू झाली. विलायतेत फुलर व इतरांनी मिळून सुमारे दोन महिन्यांत दहा हजार पौंड जमविले, म्हणजे नुकसानीची भरपाई झाली. केरीसाहेब जळालेली भाषांतरे पुन्हा करू लागले. एकदा तुडविलेली वाट दुसऱ्यांदा सोपी जाते, असा त्यांचा अनुभव होता. तो मोठा कोश मात्र पुन्हा झाला नाही, रामायणही पुढे गेले नाही. सगळेच परत मिळाले असे सांगणे खोटे होईल.

आग विझली, पुढे लागलेला कलह लवकर विझला नाही. फुलर वारल्यावर विलायतेतील कमिटीवर नवी माणसे आली. श्रीरामपूरची घरे व जमिनी ह्या तिघांनी आपल्या मिळकतीतून घेतल्या होत्या. त्यांवर ताबा कोणाचा, असा प्रश्न निघाला. इकडे नवे तरुण मिशनरी आले, त्यांत केरीसाहेबांचा पुतण्या युस्टेस केरी हाही होता. त्यांस श्रीरामपुरी गुदमरल्यासारखे झाले. ते वेगळे होऊन कलकत्त्यास गेले, आणि १८२७ साली श्रीरामपूर व संस्था ह्यांची फारकत झाली. अनेक चरित्रलेखक ह्यात तरुणांस दोष देतात. मला तसे करवत नाही. तिघांची जूट इतकी घट्ट झाली होती की तिच्यात चौथ्यास शिरावयास फट राहिली नव्हती. घराचे नियम केले तेव्हा सगळे समान होते; पंधरा वर्षांनी आलेल्यांस ते नियम पूर्वीच ठरलेले मिळाले. शनिवारची बैठक ज्यांनी सुरू केली त्यांच्यापुढे मन मोकळे करणे नवख्यास सोपे नव्हते. १८०० साली जो आधी आलेला नंतरच्यांकडे गेला, त्यास ह्या वेळी ते साधले नाही.

परंतु ह्याच कलहात केरीसाहेबांचा दुसरा गुण दिसतो. टीकाकारांनी केरींची स्तुती करावी आणि सगळा ठपका मार्शमनांवर ठेवावा, असे चालले होते. मार्शमन ह्यांचे बोलणे आडवळणाचे असे, हे केरींसही ठाऊक होते व ते तसे बोलूनही दाखवीत. त्यांनी मार्शमनांस दूर केले असते तर त्यांचा स्वतःचा मान अधिकच वाढला असता. त्यांनी तसे केले नाही. मार्शमन निःस्वार्थी आहेत, असे ते प्रत्येक पत्रात लिहीत राहिले आणि सोबत सोडली नाही.

ता. ७ मार्च १८२३ रोजी वॉर्ड महामारीने एका दिवसाच्या आजारात वारले. तेवीस वर्षांची तिघांची जूट मोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात होडीतून उतरताना केरीसाहेबांची मांडी जायबंदी झाली, आणि दामोदर नदीच्या पुराने त्यांची बाग धुऊन नेली. बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा झाडे लाविली. १८२९ च्या डिसेंबरात सती बंद करण्याचा हुकूम बंगालीत उतरविण्यासाठी रविवारी सकाळी त्यांच्या हाती आला. एका दिवसाच्या उशिराने किती बायका जळतील हे जाणून त्यांनी त्या दिवशीचा उपदेश दुसऱ्याकडे सोपविला आणि पंडितास घेऊन संध्याकाळपर्यंत ते काम पुरे केले. १८३० नंतर कलकत्त्यातील मोठ्या पेढ्या बुडाल्या, त्यांत मिशनचा पैसा गेला. कॉलेजातील त्यांची जागाही गेली. १८३२ साली बंगाली बायबलाची अखेरची तपासणी त्यांनी संपविली.

मग शक्ती गेली. चालवेना, तेव्हा त्यांस खुर्चीत बसवून बागेत नेत. तेही होईना, तेव्हा माळी खोलीत येऊन कोणते झाड कसे आहे ते सांगे. मार्शमन रोज भेटीस येत. एके दिवशी केरीसाहेबांचे मन फार खिन्न झाले होते, तेव्हा ते म्हणाले की, मी गेल्यावर मार्शमनबंधू ह्या बागेत गाई सोडतील. मार्शमनांस झाडांची आवड मुळीच नव्हती, हे घरात सर्वांस ठाऊक होते. त्यांनी लगेच सांगितले की, तुमच्याइतकी गोडी मला नाही हे खरे. पण ज्या बागेत तुम्हांला इतका आनंद वाटला ती राखणे हे मी आपले पवित्र कर्तव्य समजेन.

ता. ९ जून १८३४ रोजी पहाटे डॉ. केरी वारले. मार्शमन १८३७ च्या डिसेंबरापर्यंत जगले, आणि हॅनाबाई १८४७ पर्यंत. केरी, मार्शमन व वॉर्ड ह्या तिघांच्या कबरी श्रीरामपूरच्या त्याच एका कबरस्थानात आहेत.